टँकले आवतन

आमच्या घरी दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती, आणि त्यांचं भांडणही नव्हतं. एक माझे बाबा, दुसऱ्या माझ्या सासूबाई. आमच्या लोकांत विहीण व्याह्यासमोर डोक्यावर पदर घेते आणि काही सांगाचंच असलं तं तिसऱ्याच्या तोंडून सांगते. ते तिसरं तोंड माझं. सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणत, "तुझ्या बाबांले विचार, वरणात गूळ चालते का?" बाबा पडद्यापलीकडे बसलेले, सगळं ऐकून राहिलेले. तरी मी उठाचं, पडदा सरकवाचा, विचाराचं. बाबा म्हणत, "विहीणबाईंले सांग, सगळं चालते." हेही सासूबाईंनी ऐकलेलं. तरी मी परत जाऊन सांगाचं. मी शाळेत गणित शिकवते, माझा पारा लवकर चढते, आणि दिवसभर पोट्ट्यांवर ओरडून घरी आल्यावर हे दळण! एकदा मी दोघांलेही म्हटलं, "अरे बाप्पा, मधात पडदा आहे, भिंत नाही!" दोघंही हसले. आपापल्या जागी बसून हसले, अन् सासूबाई मले म्हणाल्या, "तुझ्या बाबांले विचार, चहा टाकू का?"

बाबा फौजेत टँकचे मिस्त्री होते. अर्धा जन्म इंजिनाखाली उताणं पडून काढला. निवृत्त झाल्यावर भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी आईसोबत राहिले, आई गेल्यावर एकटेच राहिले. मोतीबिंदूचं ऑपरेशन रायपूरले करून घेऊ म्हणून मी त्यांले ओढून आणलं. डोळा झाला, पट्टी निघाली, चष्मा आला, अन् बाबा म्हणाले, "चला, निघतो आता." मी काहीतरी कारण काढून आठ दिवस थांबवलं. मग अजून आठ दिवस. पण त्यांची काळी लोखंडी फौजी पेटी पलंगाखाली कायम भरलेली. एक सदरा काढाचा, घालाचा, धुवाचा, वाळला की घडी करून परत पेटीत, अन् वर कुलूप. कपाटातला एक कप्पा मी त्यांच्यासाठी रिकामा करून ठेवला होता. तो रिकामाच राहिला.

"लेकीच्या घरी पाहुण्यासारखं यावं, पाहुण्यासारखं जावं," ते म्हणत. "जावयाच्या भाकरीवर बसून राहणं बरं नाही दिसत."

कोणाले बरं नाही दिसत? गावात आता ओळखीची म्हातारी माणसं उरली किती, अन् त्यातल्या कितीकांले दिसते? आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबा आंगणात घसरून पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. हे त्यांनी नाही सांगितलं, दूधवाल्यानं सांगितलं. तेव्हापासून गावाकडचा फोन वाजला की मी हातातलं टाकून धावाचं. मले ते इथं पाहिजे होते, माझ्या डोळ्यांसमोर. बस्स, एवढंच पाहिजे होतं.

मी रागावली, रुसली, शेवटी नवऱ्याले पुढं केलं. माझा नवरा जन्मापासून रायपूरचा, मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच देते. तो मनापासून म्हणाला, "बाबूजी, यहीं रहिए ना, घर आपका ही है." बाबांनी मान डोलावली, अन् सदऱ्याची घडी पेटीत ठेवली. रात्री मले म्हणाले, "जावई भला माणूस आहे. पण हे घर विहीणबाईंचं. तुझ्या सासऱ्यानं रेल्वेत राबून त्यांच्यासाठी बांधलेलं. त्या काही बोलल्या का?"

दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंच्या मागं लागली. त्या म्हणाल्या, "माझी कधीची इच्छा हाय व, सांग त्यांले." मी धावतच गेली, सांगितलं. बाबा हसले. "हे तू म्हणून राहिली, त्या नाही." मी तशीच परत. सासूबाई कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "मले माहीतच होतं. गूळ अन् चहा तुझ्या तोंडून जाते. असं काही तुझ्या तोंडून पाठवलं तं तुझंच वाटते." म्हणजे इतके दिवस मी राबवलेलं टेलिफोन एक्सचेंज ऐन कामाच्या वेळी ठप्प! मी म्हटलं, मग बोला ना एकदा स्वतः. तशा त्यांनी गालांवर हात मारून घेतले. "इश्श! व्याह्यांशी?"

असं अडलेलं असताना आमच्या पोट्टीनं टँक मागितला.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असते. मोठ्यांच्या पोळ्यात खरे बैल, लेकरांच्या पोळ्यात चाकांवरचे लाकडी बैल. दोरी धरून ओढत आणाचे, तोरणाखाली रांगेत उभे कराचे, पूजा झाली की घरोघर नेऊन बोजारा मागाचा, म्हणजे खाऊ-बिऊ. आमच्या कॉलनीत विदर्भातून आलेली घरं बरीच, म्हणून मैदानात दरवर्षी होते. माझी लेक तेव्हा तिसरीत होती. बाबांकडून टँकच्या गोष्टी ऐकून ऐकून तिचं डोकं फिरलेलं. ती म्हणाली, "नानाजी, बैल तो सबके पास है. मुझे टैंक चाहिए."

मले वाटलं, बाबा समजावतील. ते तं गंभीर होऊन विचारच करू लागले. "बरोबर आहे," म्हणाले, "फौजेत आमचा तोच बैल होता." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "ठीक. तान्ह्या पोळ्याले टँक चालवून देतो, अन् दुसऱ्या दिवशी निघतो. आता मधात काही काढू नको."

आता बोला! टँक जितका लवकर होईल तितके बाबा लवकर जाणार. अन् टँक करताना बाबा असे खुलले की तो होऊ नये असंही म्हणवेना. रोज सकाळी न्याहारी करून पिशवी घेऊन निघत, भनपुरीच्या कबाड्यांकडे. तिथं ट्रक मोडतात. येताना पिशवीत काळ्या तेलानं माखलेलं काहीतरी असे अन् चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवाचं हसू. ट्रकच्या काचेवरची पाणी पुसणारी वायपर असते ना, तिच्या दोन मोटरी आणल्या. स्कूटरची बॅटरी आणली. बीरगांवच्या एका खरादवाल्याशी, म्हणजे लेथवाल्याशी, अशी दोस्ती केली की तो यांच्यासाठी चहा मागवून ठेवे. पत्र्याचा सांगाडा मागच्या आंगणात उभा राहिला. माझ्या लेकीले आत बसता येईल एवढा मोठा, वर फिरणारा बुरूज, त्याले पाइपाची तोफ. सासूबाईंची तुळस एका कोपऱ्यात गेली, कपडे वाळवाची तार दुसरीकडे गेली. त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही. उलट मले म्हणाल्या, "तुझ्या बाबांले सांग, ऊन लागून राहिलं, चादर बांधू का वर?"

टँकचं सगळं दैव दोन दातेरी चाकांत असते. एक डाव्या अंगाले, एक उजव्या. बाबा त्याले स्पॉकेट म्हणत. मोटर स्पॉकेट फिरवते, त्याचे दात पट्ट्यात अडकते, पट्टा सरकते, टँक पुढं जाते. आमच्या पट्ट्याच्या दोन्ही काठांले चेन होती अन् मधात लोखंडी पट्ट्या जोडलेल्या. म्हणून एकेक स्पॉकेटही दुहेरी, एकाच नळीवर अंतर ठेवून कसलेल्या दोन दातेरी चकत्या. ती नळी मोटरीच्या दांड्यावर सरकवून बसवाची. नळीले लांबीत एक चीर पाडलेली, वर बोल्ट. बोल्ट आवळला की चीर मिटते आणि नळी दांड्याले गच्च धरते. मी हे सगळं शिकली, कारण शाळेतून आली की पाना धराले मीच होती. बाबा म्हणत, "आवळ." मी आवळाचं. "फौजेत असती तं तुले इथंच काढून टाकलं असतं, जोर लाव!" मीही काही कमी नाही. "फौजेत असती तं मी तुमची साहेब असती," असं म्हणून मी पाना अजून ओढाचं.

एका रविवारी नवऱ्याच्या डोक्यात आलं की पहिली चाचणी नव्या रायपुरात घेऊ. त्याचं ऑफिस तेव्हा नुकतंच तिकडे गेलं होतं. राजधानीसाठी रस्ते आधी बांधून ठेवलेले, माणसं नंतर येणार होती. मित्राची मागून उघडी गाडी आणली, टँक चढवला, आम्ही सगळे गेलो. सासूबाईही आल्या, पुढं बसून, पदर घेऊन. चारी बाजूंनी गुळगुळीत काळा रस्ता, मधात झाडांची रांग, लांब कुठंतरी एक बस जाऊन राहिलेली. एवढ्या रस्त्यावर आमचा एकटा टँक उतरला. बाबांच्या हातात वायर लावलेला डबा, त्यावर दोन खटके. समोरच्या इमारतीचा चौकीदार काठी टेकत आला. "ये क्या है भैया?" माझी लेक म्हणाली, "दिखता नहीं? टैंक है." तो म्हणाला, "हव, टैंक तो है," अन् तिथंच उकिडवा बसला.

बाबांनी खटका दाबला. टँक घरघरला, हलला, चालाले लागला! माझ्या तोंडून अशी आरोळी निघाली की शाळेतल्या पोट्ट्यांनी ऐकली असती तं मग कोणी मले भ्यायलं नसतं. पण थोडं पुढं जाऊन उजवा पट्टा तिरपा होऊ लागला, दातांवर चढला, कटकट वाजला अन् सुटून रस्त्यावर पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. डावा बिचारा चालूनच राहिलेला, म्हणून टँक जागेवर गोल फिरू लागला. चौकीदार टाळ्या वाजवून म्हणाला, "नाचथे!" बाबांचं तोंड उतरलं. सासूबाई मले हळूच म्हणाल्या, "तुझ्या बाबांले सांग, वासरू पहिल्या दिवशी पडतेच." मी सांगितलं. बाबांनी त्यांच्याकडे न पाहता मान हलवली, पण हसले.

घरी येऊन बाबा स्पॉकेट काढून मांडीवर घेऊन बसले. फिरवून फिरवून पाहिलं, वाकडं काही दिसेना. सासूबाई दाराआड उभं राहून पाहत होत्या. त्यांच्या हातात लोकरीचं विणकाम. एक सुई काढली अन् माझ्या हातात दिली. "तुझ्या बाबांले विचार, सरळ पाहाले ही चालते का?" बाबांनी सुई घेतली, एका चकतीच्या दाताच्या टोकावरून समोरच्या चकतीच्या दातावर आडवी ठेवली. तिकडे ती दाताच्या टोकावर न बसता उतारावर घसरली. म्हणजे दोन्ही चकत्यांचे दात एकमेकांसमोर नव्हतेच. एक काठ पुढं ओढला जाई, दुसरा मागं राही, अन् पट्टा तिरपा होऊन उतरे. बाबांनी बोल्ट ढिले केले, चकती केसभर फिरवली, सुई सपाट बसली. "विहीणबाईंले सांग," ते म्हणाले, "सुई एक नंबर आहे." सासूबाई इतक्या लाजल्या की विणकामाचे टाके सुटले. ती सुई मग बाबांच्याच हत्यारांच्या पिशवीत राहाले लागली.

पोळ्याच्या दिवशी दुपारी टँकनं गल्लीत पूर्ण चक्कर मारली. आता फक्त दोन्ही स्पॉकेटं शेवटची पाहून उद्या सकाळी आवळाची होती. बाबांनी नळ्यांचे बोल्ट ढिले केले, आतून पुसलं अन् रात्रभर तसंच ठेवलं. मी विचारलं, "बाबा, आरपार भोक पाडून पिन काहून नाही मारत? मग सरकाची भीतीच नाही."

"पिन मारली का मंग ते निघत नाही," बाबा म्हणाले. "आपलं सगळं निघणारं पाहिजे. उद्या कोणाले मोडून ठेवाचं असलं तं?" अन् मग माझ्याकडे बोट करून, "फक्त एक लक्षात ठेव. पकड कोरडी आहे. इथं तेलाचा थेंब लागता कामा नये. घरात सगळ्यांले सांग." मी स्वयंपाकघरात जाऊन शब्दाले शब्द सांगितलं, "आई, बाबा म्हणते तिथं तेल नको." सासूबाई म्हणाल्या, "नाही लावत व, तेल कायले लावू?" मले वाटलं, झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी बोल्ट आवळले. मी स्वतः पान्यावर लटकली. संध्याकाळी मैदानात जाण्याआधी लेकीनं टँकवर जुन्या साडीच्या काठाची झूल घातली, तोफेच्या दोन्ही बाजूंले कागदाची शिंगं बांधली, घुंगरांची माळ घातली. मागं दोरीनं नवऱ्याच्या लहानपणचा लाकडी बैल जोडला. एका शिंगाचा, पण रुबाबदार. शेजारच्या दीदीनं ठेठरी-खुरमीचं, म्हणजे इकडच्या तळलेल्या फराळाचं, ताट आणून ठेवलं. गल्लीभर लेकरं गोळा झाली.

बाबांनी खटका दाबला. मोटर घूं-घूं करू लागली. टँक जागचा हलला नाही.

पुन्हा दाबला. मोटर फिरून राहिली, दांडा फिरून राहिला, अन् स्पॉकेट मख्खासारखं उभं. दोन्ही बाजूंले तेच. बाबांनी खाली वाकून नळीले बोट लावलं, बोट नाकाशी नेलं, अन् सरळ माझ्याकडे पाहिलं. "तू केलं हे?"

"काय केलं?"

"वंगण लावलं. टँक चालू नये म्हणून. म्हणजे मी जाऊ नये म्हणून."

माझं डोकंच सटकलं. गल्लीसमोर, सगळ्या लेकरांसमोर मी ओरडली. "मी? मी लावीन? महिनाभर तुमच्यासोबत खाली लोळून माझे गुडघे सोलले, अन् मी लावीन? तुम्हाले ठेवाचं असतं तं मी पेटीच विहिरीत टाकली असती, टँकले काहून हात लावीन? अन् हो, जाऊ नये वाटते मले! कोणाले नाही वाटत? पण तुमचा टँक बंद पाडून नाही ठेवाचं मले तुम्हाले!" शेवटी शेवटी मी रडून राहिली होती, तरी ओरडणं सुरूच.  बाबा खाली पाहत म्हणाले, "बरं, बरं."

तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला. "सूनबाई, ते मी केलं."

सगळे तिकडे वळलो. पदर कपाळापर्यंत ओढलेला, हातात आरतीचं ताट. "पण मी तेल नाही लावलं," त्या म्हणाल्या. "तेल नको म्हटलं होतं. मी तूप लावलं."

बाबांनी डोळे मिटून घेतले. माझा नवरा म्हणाला, "अम्मा, घी?"

"मंग काय तं! पोळ्याच्या आदल्या सांजेले बैलाचे खांदे शेकत नाही का? हळद अन् गरम तूप लावून? वर्षभर जू वाहून खांदा दुखते त्याचा. मोठ्या बैलाचं मोठ्या पोळ्याच्या आदल्या दिवशी, तं लेकरांच्या बैलाचं तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी. मी पाहिलं, सगळा जोर त्या दातेरी चाकावर पडते. म्हणजे तोच त्याचा खांदा. चांगलं चमचाभर सोडलं दोन्हीकडे. पिलंही त्यानं सगळं."

पिणार नाही तं काय! बोल्ट ढिले, चीर उघडी, गरम तूप. अन् सकाळी आम्ही त्याच तुपावर नळी आवळली होती. मले हसू का रडू समजेना.

"अन् आवतनही दिलं," सासूबाई म्हणाल्या. खांदे शेकले की बैलाले उद्याच्या जेवणाचं आवतन द्याचं असते, हा आमच्याकडे नियमच आहे. त्या माझ्याशी बोलत होत्या, पण पाहत टँककडे होत्या. "म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. अन् जेवून झाल्यावर पळू नका. हे घर तुमचंबी हाय. तुम्ही आले तेव्हापासून या घरात कोणी खोकते, हसते, हत्यारं आपटते. आमचे घरधनी गेले तेव्हापासून इतकं सुनं होतं घर. आता राहा इथंच."

मी म्हटलं, "आई, हे टँकले सांगितलं तुम्ही?"

"टँकलेच सांगितलं. मंग कोणाले सांगू? व्याह्यांशी बोलता येते का मले?"

 बाबा टँकजवळ उकिडवे बसलेले, बोटांवर पिवळं तूप. मग ते उठले, धोतराच्या सोग्यानं बोटं पुसली अन् सरळ घरात गेले.  आतून पलंग सरकल्याचा, पेटी ओढल्याचा आवाज आला. कुलूप उघडलं. मग ठोकल्याचा आवाज. मी धावत गेली तं बाबा पेटीजवळ जमिनीवर बसून हातोडी अन् खिळ्यानं पेटीच्या झाकणाचं बिजागर ठोकून राहिले होते. बिजागरातून आरपार एक लांब पोलादी सळई होती. ती त्यांनी ठोकत ठोकत बाहेर काढली. झाकण निखळून फरशीवर पडलं. सदरे, स्वेटर, आईचा एक फोटो, सगळं उघडं.

"बाबा, हे काय करून राहिले?"

"पिन पाहिजे," ते म्हणाले. "चांगल्या पोलादाची दुसरी सळई घरात नाही."

बाहेर येऊन त्यांनी हात-ड्रिल लावलं, नळी अन् दांडा आरपार छेदला. मी फिरवत होती, ते धरून होते, घाम चष्म्यावर पडत होता. पहिलं भोक झालं. सळईचा तुकडा करवतीनं कापला, भोकात घातला, दोन्ही टोकं ठोकून फुलवली. मग दुसऱ्या बाजूले. आता ते स्पॉकेट कोणाच्या बापाच्यानं निघणार नव्हतं.

सासूबाई दारातून सगळं पाहत होत्या. हळूच म्हणाल्या, "तुझ्या बाबांले विचार, आता त्यांची पेटी बंद कशी होईल?"

मी विचाराले तोंड उघडलं. बाबांनी हातोडी खाली ठेवली, अन् माझ्याकडे नाही, दाराकडे पाहून म्हणाले, "नाही होत, विहीणबाई. तिच्यात तुम्ही गहू ठेवा."

सासूबाईंनी ताट उंबऱ्यावर ठेवलं अन् पदर आणखी पुढं ओढला. मी तिथंच टँकले टेकून खाली बसली अन् मोठ्यानं रडली. माझा नवरा मले उठवत म्हणाला, "अरे, अब क्यों रो रही हो?" तो भला आहे, पण काही गोष्टी त्याले उशिरा समजते.

मैदानात पोहोचलो तेव्हा रांग लागून गेली होती. टँक घरघरत, घुंगरं वाजवत, मागं एका शिंगाच्या बैलाले ओढत आला, अन् लेकरांनी आपापल्या दोऱ्या सोडून त्याच्याभोवती गर्दी केली. पूजेले बसलेले काका म्हणाले, "पण हा बैल नाही ना." माझ्या लेकीनं कमरेवर हात ठेवले. "अंकल, नानाजी का बैल है. घर में इसने घी भी पिया है." काका एवढे हसले की त्यांनी तोरणाखाली मधली जागा दिली. पट्टा एकदाही उतरला नाही. स्पॉकेटचा दात न् दात पट्ट्यात बसत होता, अन् बाबा वायर धरून मागं मागं असे चालत होते की जणू जत्रेत पहिल्या नंबराची जोडी घेऊन निघालेत. लोक विचारत, "कुणाचा आहे?" बाबा म्हणत, "आमचा. त्या कोपऱ्यावरच्या घरचा."

मी ते ऐकलं. कोपऱ्यावरचं घर म्हणजे आमचं घर.

बोजारा मागून, गल्ली फिरून आम्ही परत आलो तं सासूबाई उंबऱ्यात उभ्या. त्यांनी टँकच्या पट्ट्यांवर पाणी घातलं, तोफेले कुंकू लावलं, पुरणपोळीचा घास बुरुजावर ठेवला. बाबा बाजूले उभे होते, पेटीतून निघालेल्या सदऱ्यांपैकी एक अंगात. मी सवयीनं दोघांच्या मधात जाऊन उभी राहिली, आता काय सांगा म्हणते म्हणून.

सासूबाईंनी पदर सावरला, मान थोडी खाली घातली, अन् म्हणाल्या, "व्याहीबुवा, पाय धुऊन घ्या. पान वाढलं हाय."

"आलो, विहीणबाई," बाबा म्हणाले. "तूप जरा जास्त वाढा. टँकले दिलं तेवढं तं द्या."

दोघंही हसत आत गेले. मी आंगणात उभी, आणि कोणाले काही सांगाचं राहिलं नव्हतं.